माकडांचा अंदाज चालतो, मग आमची साक्ष का चालत नाही?



१९८५ साली भीमाशंकरचं जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे १३० चौरस किलोमीटर. कारण दिलं शेकरूचं. शेकरू वाचला पाहिजे हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. आपल्या देवराईत कुऱ्हाड चालत नाही, म्हणूनच तो तिथे राहिला आहे. पण जंगलात शेकरू किती आहेत, कुठून कुठपर्यंत आहेत, हे कोणी मोजलं, कसं मोजलं, आणि मोजताना पाड्यावरच्या एका तरी माणसाला विचारलं का, हे सवाल कोणी केले नाहीत. बऱ्याच पाड्यांना आपण अभयारण्यात आलो ही खबर गार्डाच्या तोंडून कळली. "आता लाकडाला यायचं नाही, गुरं सोडायची नाहीत." एवढीच खबर.

जनावरांची मोजणी ही काय भानगड आहे, ती आपण सगळ्यांनी समजून घ्यायला पाहिजे, म्हणून हा लेख. मोजणीतून आकडा निघतो, आकड्यातून नकाशा निघतो, नकाशातून हद्द निघते आणि हद्दीच्या आत आपलं घर निघतं. हद्द आल्यावर ओरडण्यापेक्षा आकडा निघतो तिथेच आपण उभं राहायला पाहिजे.

दादरची सभा

सध्या मी संघटनेच्या कामासाठी मुंबईत आहे. लालबागच्या चाळीत एका गिरणी कामगाराच्या खोलीवर राहतो. मध्यंतरी दादरला एका हॉलमध्ये जंगलावर सभा होती, पडद्यावर चित्रं दाखवली. आपला एक शहरातला मित्र मला घेऊन गेला. चित्रं चांगली होती. शेवटी बोलणारे साहेब म्हणाले, "आदिवासींनी माकडं खाऊन संपवली. जंगल वाचवायचं तर आधी माणूस बाहेर काढला पाहिजे." सगळ्यांनी माना हलवल्या.

मी उठून विचारलं, "आधी किती माकडं होती, आता किती आहेत, आणि कोणी मोजली?" साहेब म्हणाले, "आकडे आहेत. पण ते सगळं इंग्रजीत आहे, तुम्हाला कळणार नाही."

मी बारावी झालो आहे. इंग्रजी मला अडखळत वाचता येतं. गिरगावातल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्याला बरोबर घेतलं, महिनाभर जमेल तसं वाचलं. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

काळ्या माकडाची गोष्ट

आपल्याकडे दोन जातीची माकडं. एक काळ्या तोंडाचा लांब शेपटीचा वानर, ज्याच्या म्होरक्याला आपण हुप्प्या म्हणतो. दुसरं लाल तोंडाचं माकड. खाली दक्षिणेला, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या सह्याद्रीत तिसरी एक जात आहे. अंग काळंभोर, तोंडाभोवती करड्या केसांची आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. त्याला सिंहपुच्छ माकड म्हणतात. ते दाट पावसाच्या जंगलात उंच झाडांवरच राहतं, जमिनीवर फार थोडा वेळ उतरतं. दोन जंगलांच्या मधे उघडं रान किंवा चहाचा मळा आला की ते सहसा पलीकडे जात नाही. जगात दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून त्याची मोठी काळजी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या यादीत आहे.

ही माकडं किती? अमेरिकेतून आलेले ग्रीन आणि मिन्कोव्स्की हे दोन अभ्यासक तमिळनाडूच्या अगदी खालच्या टोकाच्या डोंगरांत राहिले, माकडांच्या मागे फिरले. १९७७ साली त्यांनी छापलं की सगळ्या जंगलांत मिळून ४०५ माकडं उरली असावीत. चारशेपाच. चारशे नाही, सव्वाचारशे नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९७८ साली, सरकारच्याच प्राणी सर्वेक्षण खात्यातले कुरुप यांनी आपली पाहणी छापली. ती छापली मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात. त्यांचा आकडा आला ८२५.

मग एका वर्षात माकडं दुप्पट झाली का? अजिबात नाही. माकडाच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही दरवर्षी नाही. झालं एवढंच की दुसरा माणूस दुसऱ्या जंगलांत हिंडला, पहिल्याला न दिसलेले कळप त्याला दिसले, काही ठिकाणी त्याने वेगळा हिशोब धरला.

हे मी त्यांची टिंगल करायला सांगत नाही. त्यांनी जंगलात पाय झिजवले, जळवा अंगावर घेतल्या, आणि हे अंदाज आहेत असं मान्य केलं. चांगल्या अभ्यासकाची रीत हीच. माझं म्हणणं वेगळं आहे. या अंदाजात दुपटीचा फरक पडला तरी चालतो. त्यावर अभयारण्य होतं, तमिळनाडूत १९७६ साली कळक्काडचं अभयारण्य याच माकडासाठी झालं. पण माझा आजा ज्या दळीवर नाचणी करायचा ती दळी दीड एकर की पावणेदोन, यात पाव एकराचा फरक निघाला तर माझा दावा खोटा ठरतो. शेकरूची साक्ष झाडावरच्या घरट्याने होते. आमची साक्ष म्हाताऱ्या माणसाने तोंडाने दिली तर साहेब म्हणतो, कागद आण.

मोजतात कसं

आता मोजणीची रीत सांगतो. ती समजली की भीती जाते.

एक रीत कळप मोजण्याची. माकडं रात्री ठरावीक झाडांवर झोपतात. पहाटे अंधारात जाऊन बसायचं. उजाडल्यावर कळप निघतो आणि एखादी मोकळी जागा एका रांगेत ओलांडतो, तेव्हा एकेक मोजायचं. मोठा नर किती, मादी किती, अर्धवट वाढलेली किती, पोटाला चिकटलेली पिल्लं किती. हे आपल्यातला कोणताही गुराखी पोरगा करतो.

दुसरी रीत चालीची. जंगलातून एक वाट ठरवायची, तिच्यावरून सावकाश चालायचं, डावीउजवीकडे किती कळप दिसले आणि किती लांब दिसले ते लिहायचं. त्यावरून एका चौरस किलोमीटरमागे किती कळप हे काढायचं. मग नकाशावर जंगल जेवढे चौरस किलोमीटर आहे तेवढ्याने गुणायचं.

खरी गडबड या गुणाकारात आहे. नकाशा जुना असतो. नकाशावर हिरवं रंगवलेलं जंगल ठेकेदाराने कधीच तोडलेलं असतं, पण गुणाकारात ते उभंच असतं. एकच कळप सकाळी या दरीत आणि संध्याकाळी त्या दरीत दिसला तर दोन वेळा धरला जातो. पावसाच्या दिवसांत धुक्यात दहा हातांवरचं दिसत नाही, म्हणून पाहणी बहुतेक कोरड्या दिवसांत होते. उन्हाळ्यात माकडं पाण्याजवळ गोळा होतात, मग तिथे भरपूर दिसतात आणि बाकीचा डोंगर रिकामा वाटतो.

शेकरूची तर आणखी वेगळी गंमत. तो लाजरा, पटकन दिसत नाही. म्हणून त्याची घरटी मोजतात. पण एक शेकरू आपल्या हद्दीत एकाहून जास्त घरटी बांधतो. काहींत राहतो, काही नुसती असतात, काही मोडकी. आपल्या म्हाताऱ्यांना खालून बघून कळतं की हे घरटं चालू आहे की सोडलेलं. पाला हिरवा आहे का, खाली ताजी कुरतडलेली फळं पडलीत का. हे ज्याला कळत नाही त्याने शंभर घरटी मोजली तर शेकरू किती धरायचे?

आता 'कुठून कुठपर्यंत आहेत' ही दुसरी बाब. जिथे जिथे जनावर दिसलं तिथे नकाशावर ठिपका द्यायचा. मग सगळ्यात बाहेरच्या ठिपक्यांना रेषेने जोडायचं. त्या रेषेच्या आतलं सगळं त्या जनावराचं रान. पण आत गावं असतात, शेतं असतात, उघडे कातळ असतात. तिथे जनावर नसतंच. आणि रेषेच्या बाहेर कोणी गेलंच नाही, म्हणून तिथे जनावर नाही असं मानलं जातं. न दिसणं म्हणजे नसणं नाही, हे शिकारीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

ही सगळी माहिती अभ्यासकांना देतो कोण? पुढे चालणारा माणूस. दक्षिणेत तो काणी असतो, काडर असतो, मुडुगर असतो. आपल्याकडे ठाकर, महादेव कोळी, कातकरी. झोपायचं झाड तोच दाखवतो, आवाज तोच ओळखतो, विष्ठा तोच ओळखतो. संध्याकाळी त्याला रोज देऊन परत पाठवतात. कागदावर त्याचं नाव येत नाही.

ही रीत आजची नाही. ही सोसायटी १८८३ साली मुंबईत आठ जणांनी स्थापन केली. सहा इंग्रज आणि दोन आपल्याकडचे. त्या दोघांतले एक डॉ. आत्माराम पांडुरंग, ज्यांनी गिरगावात प्रार्थना समाज काढला. समाजसुधारक माणूस. १९११ पासून सोसायटीने देशभर जनावरांची पाहणी काढली आणि सुरुवात खानदेशातून केली. तेव्हा पाहणी म्हणजे जनावर मारायचं, कातडं काढायचं, कवटी साफ करायची आणि चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि जमा करणाऱ्या साहेबाचं नाव. खानदेश हा भिलांचा आणि पावऱ्यांचा मुलूख. माग त्यांनीच काढला असणार. इतकी सुधारकी माणसं त्या कामात होती, तरी माग काढणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहावं हे सुचलं नाही. आज फोर्टात लायन गेटसमोर सोसायटीचं मोठं घर आहे, पुस्तकं आहेत, ज्ञान आहे. त्या ज्ञानात आपल्या बापजाद्यांचा वाटा आहे, हे आपण सांगितलं पाहिजे.

माकडं संपवली कोणी

आता दादरच्या साहेबांच्या मुख्य आरोपाकडे येतो.

कातकरी भाऊ वानर मारायचे, हे खरं आहे. लपवायचं कशाला? वर्षातले चार महिने घरात दाणा नसायचा, तेव्हा तिरकमठ्याने जे मिळेल ते मारायचे. इंग्रजांच्या गॅझेटियरात लिहिलं आहे की कातकरी स्वतःला रामाच्या वानरसेनेचे वंशज सांगतात. इंग्रजांनी ते मौजेने लिहिलं. पण ज्या समाजाने वानराला पूर्वज मानलं, त्यानेच वानर संपवला असं म्हणताना जरा थांबून विचार करायला पाहिजे. तिरकमठ्याने एक माकड मरतं. झाड तोडलं तर कळपाचं घर जातं. जंगलाचा पट्टा तोडला तर कळप एका तुकड्यात अडकतो आणि आतल्या आत संपतो.

सिंहपुच्छ माकडाचं नेमकं हेच झालं. दक्षिणेच्या डोंगरांत इंग्रजांनी चहा, कॉफीचे मळे लावले, वेलदोड्याचे मळे वाढले, पुढे वनखात्याने स्वतः जंगल काढून साग आणि निलगिरी लावली, मग धरणं आली. जंगलाचे तुकडे झाले. झाडावरून न उतरणारं माकड मळा कसं ओलांडणार? अभ्यासक स्वतःच हे लिहितात. मळे आदिवासींचे होते का? धरण आदिवासींनी मागितलं होतं का?

आपल्याकडे बघा. ठाणे आणि रायगडच्या डोंगरांत कोळशाच्या भट्ट्या कोणाच्या होत्या? शेठच्या. कातकरी तिथे आगाऊ घेतलेल्या पैशापायी बायकापोरांसकट राबायचा. कोळसा गेला मुंबईला. १९७४ साली वनविकास महामंडळ निघालं, नावात विकास. मिश्र जंगल काढायचं आणि सागाच्या रांगा लावायच्या. सागाच्या रांगेत शेकरू काय खाणार? त्याला आंबा पाहिजे, जांभूळ पाहिजे, वेली पाहिजेत, आणि एका झाडाची फांदी दुसऱ्याला भिडलेली पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला मुंबईत आल्यावर कळली. उत्तर हिंदुस्थानात लाल तोंडाच्या माकडांची दुसरी जात आहे. पोलिओची लस तयार करायला या माकडांचे गुर्दे लागायचे. १९५० नंतरच्या वर्षांत एकेका वर्षाला लाखाच्या वर माकडं पकडून विमानाने अमेरिकेला आणि युरोपला पाठवली गेली. १९५९-६० साली अमेरिकी आणि हिंदी अभ्यासकांनी उत्तर प्रदेशात रस्तोरस्ती, गावोगाव माकडं मोजली, तेव्हा कळपांत अर्धवट वाढलेली पोरं फार कमी आढळली. पकडणारे तीच वयाची न्यायचे. शेवटी १९७८ साली जनता सरकारने निर्यात बंद केली. लस चांगली गोष्ट आहे, आपल्या पोरांनाही ती मिळाली पाहिजे. पण लाखोंनी माकडं गेली ती परवाने घेऊन, पावत्या फाडून, सरकारच्या सहीने गेली. तेव्हा जंगलातून माणूस बाहेर काढा असं कोणी म्हणालं नाही, कारण तो माणूस कोटवाला व्यापारी होता.

आणि आमच्या बाजूचंही कोणीतरी लिहा. वानरांचा कळप खाचरात शिरला की नाचणी-वरईची वर्षाची मेहनत एका सकाळी जाते. आम्ही गोफण घेऊन माळ्यावर रात्री काढतो, डबे वाजवतो. माकडाने खाल्लेल्या नाचणीचा पंचनामा करायला आजवर किती तलाठी डोंगर चढून आले? माकडाला सांभाळण्याचा खर्च आम्ही पोटातून देतो आणि माकडाचे वैरी म्हणून नाव आमचंच.

लालबागकर काय म्हणतात

मी ज्या खोलीवर राहतो तिथले काका चौतीस वर्षं गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. लालबाग, परळ, शिवडी, सगळा गिरणगाव बंद. काका सांगतात, "अरे पोरा, संपात रोज आकडा यायचा. आज इतके कामावर परतले, आज इतक्या गिरण्या चालू. आम्ही गेटावर उभे, आत चिटपाखरू नाही, आणि आकडा म्हणतोय गिरणी चालू. आणि आमच्या बदलीवाल्यांचं तर मस्टरवर नावच नाही. तो संपात होता की नव्हता, कोण सांगणार?"

काकांचं हे बोलणं मला जंगलासारखंच वाटलं. ज्याच्या हातात मस्टर, त्याचा आकडा. गिरणीत बदलीवाला मोजला जात नाही, जंगलात एकसाली प्लॉटवाला मोजला जात नाही. दोघं काम करतात, दोघांचं नाव कागदावर नाही. म्हणून मी म्हणतो की मुंबईत आपले वैरीच राहतात असं नाही. दादरच्या हॉलमध्ये माना हलवणारे आहेत, तसे लालबागच्या चाळीत आपलं म्हणणं एका वाक्यात समजणारेही आहेत.

सायलेंट व्हॅलीचा न्याय इथे का नाही

एक गोष्ट मान्य करायला पाहिजे. केरळात सायलेंट व्हॅली नावाच्या दरीत १२० मेगावॉट विजेसाठी धरण होणार होतं. शास्त्रज्ञ, शिक्षक, केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते, मुंबईचे डॉ. सलीम अली, सगळे विरोधात उभे राहिले. सिंहपुच्छ माकड त्या लढ्याची खूण झालं. हा एक मोठा सलग तुकडा पाण्यात गेला तर माकड टिकणार नाही, असं त्यांनी आकडे घेऊन मांडलं. १९८३ ला धरण रद्द झालं, १९८४ ला राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. मोजणीने धरण थांबवता येतं, हे आपण यातून शिकायचं.

पण मग सवाल येतो. घोडनदीवर डिंभे धरण झालं. आंबेगाव तालुक्यातल्या महादेव कोळ्यांची गावं आणि खाचरं पाण्याखाली गेली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात भातसा, सूर्या. १८९२ साली तानसाचं धरण झालं, तेव्हापासून आपल्या डोंगरांचं पाणी नळाने मुंबईला जातं. दादर, परळ, गिरगावच्या नळाला जे पाणी येतं ते आपल्या तालुक्यांतलं. त्या धरणांत किती जंगल बुडालं, किती वानर, किती भेकरं आणि किती माणसं गेली, याची सभा दादरला कधी झाली का? माकडासाठी धरण थांबवणारे आम्हाला आवडतात. आमच्या गावासाठीही त्यांनी तोंड उघडावं एवढंच मागणं आहे. डिंभ्याचं पाणी चढतं तिथून भीमाशंकरचं अभयारण्य फार लांब नाही. एका हाताने जंगल बुडवायचं आणि दुसऱ्या हाताने उरलेल्या जंगलातून आम्हाला काढायचं, याला शेकरूचं संरक्षण कसं म्हणायचं?

कायदा काय सांगतो ते पाठ करा

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्य जाहीर केलं म्हणजे काम संपत नाही. ही गोष्ट गार्ड सांगत नाही, म्हणून आपण सांगायची.

कलेक्टरने गावागावांत आपल्या भाषेत जाहीरनामा लावला पाहिजे. त्यात अभयारण्याच्या हद्दी स्पष्ट पाहिजेत. जाहीरनामा लागल्यापासून दोन महिन्यांत ज्याचा जमिनीवर किंवा जंगलावर हक्क आहे त्याने लेखी दावा द्यायचा. मग कलेक्टरने चौकशी करायची. आणि इथे नीट लक्ष द्या. कोणी दावा केला नसेल तरी असलेल्या हक्कांची चौकशी कलेक्टरने स्वतः करायची आहे, सरकारी दप्तरावरून आणि माहितगार माणसांच्या साक्षीवरून. माहितगार माणूस म्हणजे कोण? गावातला म्हातारा, गावातली म्हातारी. कायद्यातच त्यांना जागा आहे. हक्क मान्य झाला तर ती जमीन हद्दीतून वगळता येते, किंवा रीतसर भरपाई देऊन घेता येते. तोंडी "चालते व्हा" म्हणायचा अधिकार गार्डाला नाही.

दुसरी गोष्ट. डिसेंबर १९७८ मध्ये शासनाने ठराव केला की ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करायची. किती पाड्यांवर याची मोजणी पुरी झाली? १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि साहेब म्हणू लागला, दिल्लीची परवानगी पाहिजे. आमची मोजणी अर्धी टाकून शेकरूची मोजणी पुरी कशी होते?

आता आपण मोजायचं

नुसतं ओरडून भागणार नाही. या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत प्रत्येक पाड्याने स्वतःची मोजणी करायची, असं माझं म्हणणं आहे. खर्च एका वहीचा.

प्रत्येक पाड्यावर दोघं निवडा. एक जंगल जाणणारा म्हातारा किंवा म्हातारी, एक लिहिता येणारा पोरगा किंवा पोरगी. महिन्यातून दोन वेळा ठरलेल्या वाटेने सकाळी फिरायचं. कळप कुठे दिसला ते आपल्या नावाने लिहायचं. टेपाचं नाव, ओहोळाचं नाव, झाडाचं नाव. नर, मादी, अर्धवट, पिल्लं वेगळी. शेकरूचं घरटं चालू की सोडलेलं. नाही दिसलं तर 'नाही दिसलं' असंही लिहायचं, तेही तितकंच महत्त्वाचं. एक कळप दोन पाड्यांनी धरू नये म्हणून शेजारच्या पाड्याबरोबर एकाच दिवशी मोजायचं. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही. साहेब पावसाळ्यात येत नाही, आपण तिथेच असतो.

त्याच वहीत मागच्या पानांपासून माणसांची मोजणी. कोणाची कोणती दळी, कोणता एकसाली प्लॉट, कधीपासून, कोणत्या साली दंडाची पावती मिळाली, हिरड्याची झाडं किती, गुरांची वाट कुठली, मसणवटा कुठे, देवराई कुठे. म्हाताऱ्यांचे अंगठे घ्या. पावत्या चुलीजवळच्या गाडग्यात ठेवू नका, उंदीर खातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला बांधा.

खोटं लिहायचं नाही. शेकरू दिसला नाही तर जास्त दाखवायचा नाही, कळप कमी झाला असेल तर लपवायचा नाही. कोणी तोडीच्या वेळी ठेकेदाराकडून पैसे घेऊन गप्प बसला असेल तर तेही सभेत निघू द्या. आपली वही खरी असली तरच ती कलेक्टरच्या टेबलावर टिकेल.

आपल्या मागण्या अशा मांडाव्यात असं मी सुचवतो:

१. अभयारण्याचा जाहीरनामा प्रत्येक पाड्यावर मराठीत लागला पाहिजे, वाचून दाखवला पाहिजे.

२. जनावरांची जी मोजणी झाली ती कशी, कोणत्या महिन्यात, किती जागी झाली ते मराठीत द्या.

३. यापुढची मोजणी पाड्यातल्या माणसांबरोबर करा. त्यांना रोज द्या आणि कागदावर नाव द्या.

४. १९७८ च्या ठरावाप्रमाणे जमिनींची मोजणी पुरी झाल्याशिवाय कोणालाही उठवायचं नाही.

५. माकड आणि डुकराने केलेल्या नुकसानीचा पंचनामा आणि भरपाई.

६. अभयारण्याच्या आत आणि शेजारी ठेकेदाराची तोड, भट्ट्या आणि सागाची लागवड पहिली बंद करा.

शेकरूशी आपलं भांडण नाही, वानराशी नाही, खऱ्या अभ्यासकांशीही नाही. आपलं भांडण आहे ते आम्हाला न विचारता आमच्या जंगलाचा हिशोब मांडणाऱ्यांशी. पुढच्या महिन्याच्या तालुका बैठकीत प्रत्येक पाड्याने वहीसाठी निवडलेल्या दोघांची नावं घेऊन यावीत. ज्या पाड्यावर लिहिणारा कोणी नाही त्यांनी तसं कळवा, संघटना कार्यकर्ता पाठवेल.

जंगल आमच्या हक्काचं!

आपला साथी,
मुरबाड तालुक्यातला एक कार्यकर्ता, सध्या मुक्काम लालबाग